9 एमएमचा डाग: 6 टक्के, 17 टक्के की 68?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. बाबा 64 वर्षांचे, डिचोलीचे, खाणीवर ट्रक चालवायचे, 30 वर्षं विडी ओढली, 6 वर्षांपूर्वी सोडली. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एक्सरे काढला त्यात डाग दिसला म्हणून जूनमध्ये सीटी केला, आणि सीटीत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (कप्प्यात) 9 एमएमचा एकच सॉलिड नोड्यूल म्हणजे भरीव गाठ, थोडा एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुटून सैल होणं), आणि रिपोर्टच्या शेवटी 'निओप्लास्टिक? इन्फेक्टिव्ह?', म्हणजे कॅन्सरची की इन्फेक्शनची, अशी दोन प्रश्नचिन्हं. एक डॉक्टर म्हणतात पेट स्कॅन करा, दुसरे म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करूया. तुम्ही नेटवर दोन कॅल्क्युलेटर भरलेत, कॅन्सरची शक्यता एकाने 6 टक्के दाखवली एकाने 17, आणि पुण्यातल्या आयटीवाल्या चुलतभावाने फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून एआयला दाखवला तर ते म्हणालं 68. आता यातलं खरं कुठलं असं तुम्ही विचारताय.

6 पण खरं आणि 17 पण खरं. 68 ला तूर्त बाजूला ठेवा.

मी गोव्यात गेली 22 वर्षं छातीचेच पेशंट बघतोय. या टक्क्यांवरून घरात रडारड झालेली किती वेळा बघितलीय सांगू शकत नाही, आणि दर वेळी पेशंट स्वतः गप्प असतो आणि मुलं मोबाइल पुढे करून बोलत असतात, मग सगळे बाहेर गेले की तो हळूच विचारतो, "दोतोर, कॅन्सर न्हय मू?" त्याला टक्का नको असतो. मलाही त्याचा टक्का फक्त एकाच कामासाठी हवा असतो, पुढचं पाऊल कुठलं टाकायचं ते ठरवायला. थांबायचं, पेट करायचा, सुई घालून तुकडा काढायचा (बायोप्सी) की सरळ सर्जनकडे पाठवायचं, हे चारच रस्ते असतात. गाठ कसली आहे ते टक्का सांगत नाही, कुठल्या रस्त्याने जायचं एवढंच सांगतो.

आता 6 आणि 17 चं बघा. तुमच्या आकड्यांवरून मीही दोन्ही करून बघितलं, बरोबर भरलंयत. 6 वालं आहे ते ब्रॉक मॉडेल, कॅनडाचं, 2013 सालचं. तिथे विडी-सिगरेट ओढणाऱ्या किंवा सोडलेल्या 1871 लोकांचे स्क्रीनिंगचे सीटी केले, त्यांच्या फुफ्फुसांत मिळून 7008 नोड्यूल सापडले आणि त्यातले कॅन्सरचे निघाले 102. परत वाचा, 7008 मधले 102. म्हणजे शंभरात दीड. ही माणसं काही तक्रार घेऊन आलेली नव्हती, बारीक बारीक ठिपके खूप सापडले, म्हणून तिथला आकडा खालीच राहतो. 17 वालं मेयो मॉडेल, अमेरिकेतलं, 1997 मध्ये छापलं पण पेशंट 1984 ते 86 चे, 629 जण, आणि त्यांचे नोड्यूल साध्या एक्सरेवर सापडलेले. एक्सरेवर दिसणारी गाठ मुळात मोठी असते, तेव्हा त्या 629 मधल्या जवळपास 23 टक्के लोकांना कॅन्सर निघाला. गर्दी वेगळी म्हणून उत्तर वेगळं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहून मोजलं आणि बांबोळीच्या कॅन्सर ओपीडीबाहेर उभं राहून मोजलं तर आकडा सारखा कसा येईल.

बाबा यातल्या कुठल्या गर्दीतले? धड दोन्हीतले नाहीत. तपासणी स्क्रीनिंगसाठी नव्हती, आणि डाग मेयोसारखा एक्सरेवर सापडला तरी गाठ छोटी आहे, खोकला-रक्त अशी तक्रारही नव्हती. म्हणून मी त्यांना मधे कुठेतरी धरेन, दहाच्या आसपास.

अजून एक गोष्ट जी कॅल्क्युलेटरच्या पानावर कोणी सांगत नाही. ब्रॉकमध्ये विडी-सिगरेटचा रकानाच नाही. लोक मला विचारतात की डॉक्टर तिथे स्मोकिंग कुठे भरायचं, तर भरायचंच नाही, कारण त्या अभ्यासात सगळेच ओढणारे होते! मग चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या सत्तरीच्या आजीचा नोड्यूल त्यात भरला तर जे उत्तर येतं ते कोणाचं उत्तर हे देवालाच ठाऊक. आपल्याकडे न ओढणाऱ्या बायकांमध्येही ॲडेनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाचा कॅन्सर दिसतो, त्यामुळे 'विडी नाही म्हणजे काळजी नाही' हेही चालत नाही. आणि लोकांना वाटतं की एकच गाठ आहे म्हणजे बरं, पाच-सहा असत्या तर भीती. या मॉडेलमध्ये उलटं आहे, नोड्यूल जास्त तशी एकेकाची कॅन्सरची शक्यता थोडी कमी, कारण बरेच ठिपके म्हणजे बहुतेक वेळा जुनं इन्फेक्शन.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही की दोन्ही मॉडेलमध्ये टीबीचा रकाना नाही. कॅनडात तो लागतही नाही. पण जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि टीबीची आवडती जागा म्हणजे फुफ्फुसाचा वरचा भाग. कॅल्क्युलेटर 'वरचा लोब' दिसला की टक्के वाढवतो कारण धुराचा कॅन्सरही वरच जास्त होतो. म्हणजे ज्या गोष्टीवर तिकडचे लोक दचकतात तीच आपल्याकडे बऱ्याच वेळा जुन्या टीबीची खूण असते. पेटमध्येही तेच. पेटमध्ये साखर ओढणारी जागा चमकते, कॅन्सर चमकतो आणि जिवंत टीबीही तेवढाच चमकतो. अर्धा दिवस मशीनपाशी घालवून आणि पैसे भरून आलेला माणूस हातात 'चमकतंय' असा रिपोर्ट घेऊन येतो आणि आम्ही होतो तिथेच.

मग दुसरे डॉक्टर म्हणतात तसं सरळ टीबीच्या गोळ्या द्याव्यात का? इथे मी जरा कडक बोलणार, कारण ही चूक मी स्वतः केलीय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, पन्नाशीचा माणूस, वरच्या लोबमध्ये 12 एमएमची गाठ, थुंकीत काही नाही, तुकडा काढायला घरचे तयार नाहीत. मी म्हटलं आपल्याकडे टीबीच असणार, दिल्या गोळ्या. दोन महिन्यांनी त्याचं वजन वाढलं, भूक लागायला लागली, सगळे खूश, मीही खूश, त्या खुशीत मी मधला सीटी टाळला. 8 महिन्यांनी केला तर 12 चे 22 झाले होते आणि छातीच्या मधल्या लसिका ग्रंथींपर्यंत गेलं होतं. वजन विडी सोडल्याने वाढलं असेल, टॉनिकने वाढलं असेल, माहीत नाही. त्यानंतर मी पुराव्याशिवाय नोड्यूलला टीबीची औषधं दिलेली नाहीत. खोकला असेल तर थुंकीची सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी टेस्ट) करा, ती सरकारी टीबी सेंटरमध्ये फुकट होते, पॉझिटिव्ह आली तर आनंदाने गोळ्या द्या. 9 एमएमच्या बंद गाठीत ती बहुतेक निगेटिव्हच येणार, आणि निगेटिव्ह आली म्हणून गोळ्या देऊन बघूया हा उपचार नाही, तो जुगार आहे आणि त्यात जातो तो वेळ.

उलटंही झालंय बरं का. एका बाईंची गाठ पेटमध्ये भरपूर चमकली, कडाही काटेरी, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, सर्जनने लोबचा तुकडा काढला आणि पॅथॉलॉजीवाल्याने फोन करून सांगितलं की टीबीच आहे. बाई बऱ्या आहेत, दर नाताळात केक पाठवतात, पण फुफ्फुसाचा तो तुकडा काही परत येत नाही.

आता बाबांच्या सीटीकडे. रिपोर्टचा कागद कमी वाचा, सीडी बघायला लावा. मी काय करतो ते सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल डॉक्टरने काय बघायला हवं. सीडी कॉम्प्युटरला लावायची, बारीक कापांची सिरीज उघडायची, 1 किंवा दीड एमएमची, 5 एमएमच्या जाड कापांवर 9 एमएमची गाठ म्हणजे दोन फोटोंत संपली, त्यात काही कळत नाही. मग आधी मऊ भागाच्या विंडोत, म्हणजे मऊ भाग नीट दिसतील अशा सेटिंगवर, बघायचं की आत चुना (कॅल्शियम) आहे का. पूर्ण पांढरी, किंवा मध्यभागी पांढरा ठिपका, किंवा कांद्यासारख्या थरांची, किंवा लाहीसारखी फुललेली असली तर ती जुनी, निरुपद्रवी गाठ, गोष्ट तिथेच संपली. कडेला एका बाजूला चुना असला तर मात्र निश्चिंत व्हायचं नाही. आत चरबी दिसली तर हॅमार्टोमा, तोही निरुपद्रवी. मग फुफ्फुसाच्या विंडोत कडा बघायच्या. गुळगुळीत गोट्यासारखी की कडेने बारीक काटे फुटलेत, फणसाच्या सालीसारखे. तुमच्या रिपोर्टमध्ये कडांबद्दल एक शब्द नाही, आणि मला सगळ्यात जास्त तोच हवाय. ब्रॉकमध्ये बाबांचे 6 टक्के 'काटे नाहीत' असं धरून आलेत. काटे आहेत असं टिक केलं तर 13 होतात, मेयोमध्ये 17 चे 36. एका शब्दाने दुप्पट. तेव्हा रेडिओलॉजिस्टना फोन करून किंवा सेंटरवर जाऊन विचारा की कडा कशा आहेत, आत चुना आहे का, आजूबाजूला बारीक ठिपके आहेत का आणि फुफ्फुसाच्या पडद्याला चिकटून तिकोनी आकार तर नाही ना. पडद्याला चिकटलेली तिकोनी छोटी गाठ बहुतेक वेळा साधी लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) असते. चांगला रेडिओलॉजिस्ट दोन मिनिटांत सांगतो, आणि बहुतेकांना राग येत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचं बरं वाटतं.

ब्रिटनमधल्या छातीच्या डॉक्टरांचे 2015 चे नियम असे आहेत की ब्रॉकवर 10 टक्क्यांच्या खाली असलं तर सीटीने लक्ष ठेवा, 10 किंवा वर असलं तर पेट करा, आणि पेटचा निकाल धरून परत हिशोब करून 10 च्या खाली आलं तर थांबा, 10 ते 70 मध्ये तुकडा काढा, 70 च्या वर सर्जन. फ्लाइशनर म्हणून जी सोसायटी आहे तिचे 2017 चे नियम साइजवर जातात, 8 एमएमच्या वरच्या एकट्या सॉलिड गाठीला 3 महिन्यांनी सीटी, किंवा पेट, किंवा तुकडा, तिन्हींतलं कुठलंही, पेशंट बघून. बाबा नेमके या उंबरठ्यावर उभे आहेत म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत. पेट सांगणारा डॉक्टर चुकीचा नाही. फक्त 8-9 एमएम ही पेटची खालची हद्द आहे, तिथे न चमकणं म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, आणि चमकणं म्हणजे काय ते वर सांगितलंच.

माझं मत, कडा गुळगुळीत असतील तर 3 महिने थांबा आणि लो डोस (कमी किरणांचा) सीटी परत करा, शिरेतून औषध न देता. काटे असतील तर थांबू नका, पेट करा आणि तुकड्याची तयारी ठेवा.

3 महिने थांबायचं म्हटलं की घरचे म्हणतात तोपर्यंत पसरलं तर? हिशोब करून दाखवतो. गाठ गोल असते, तेव्हा व्यास थोडा वाढला की आकारमान खूप वाढतं. 8 एमएमची 10 एमएम झाली म्हणजे आतला ऐवज जवळपास दुप्पट. सॉलिड कॅन्सर साधारण 400 दिवसांच्या आत दुप्पट होतो, बरेच 100-200 दिवसांत. आणि 20 दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ कॅन्सरपेक्षा इन्फेक्शनचीच असते. समजा बाबांची गाठ वाईट आहे आणि 100 दिवसांत दुप्पट होणारी आहे, तर 90 दिवसांनी 9 ची 11 एमएम होईल, सीटीवर कळेल, आणि ती अजून छोटीच असेल. 1 ते 2 सेंटिमीटरच्या, कुठे न पसरलेल्या गाठीची 5 वर्षं जगण्याची आकडेवारी 80 च्या वर आहे. म्हणून 3 महिने थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही, तीच तपासणी आहे, फक्त मशीनच्या जागी कॅलेंडर.

पण ती 400 दिवसांत दुप्पट होणारी असेल तर? 3 महिन्यांनी 9 ची साडेनऊ होईल, आणि अर्धा एमएम कुठलाच माणूस खात्रीने मोजू शकत नाही. श्वास थोडा कमी घेतला, काप इकडचा तिकडे झाला की दीड-दोन एमएमचा फरक असाच पडतो. म्हणून 3 महिन्यांचा सीटी 'जैसे थे' आला की पेढे वाटून विसरायचं नाही, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी. सॉलिड गाठ दोन वर्षं हलली नाही तर सोडून द्यायची. धुरकट, काचेला वाफ धरावी तशी दिसणारी गाठ असती तर तिला 5 वर्षं बघावं लागतं, पण ती बाबांची नाही. आणि दर वेळी त्याच सेंटरवर, शक्य तर त्याच मशीनवर करा. 9.2 ची 10 झाली म्हणून रात्री 11 वाजता मला फोन आलेत, दोन वेगळ्या सेंटरचे रिपोर्ट समोरासमोर ठेवून!

सुईची भीती सगळ्यांना असते म्हणून सांगतो. सीटी बघत बघत बाहेरून सुई घालतात, चार-पाच जणांत एकाच्या छातीत थोडी हवा शिरते, बहुतेकांची आपोआप जिरते, वीसात एखाद्याला नळी लागते. बाबांना एम्फिसीमा आहे म्हणून त्यांच्यात जरा जास्त. 'सुई लावली की कॅन्सर भडकतो' हे मला फोंड्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं, त्या भीतीने लोक वर्ष घालवतात आणि वर्षाने सुईची गरजच उरत नाही, नुसत्या सीटीवर कळतं. मात्र तुकड्यात 'कॅन्सर दिसला नाही' असं आलं तर विचारायचं की मग काय दिसलं? टीबीच्या खुणा दिसल्या, हॅमार्टोमा दिसला तर ठीक. नुसतं 'सूज' लिहिलं असेल तर सुई गाठीच्या बाजूने गेली असेल असं धरून पुढे लक्ष ठेवायचं. तुकडा काढला तर त्यातला थोडा टीबीच्या तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा. सगळा फॉर्मालिनमध्ये टाकला की कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) लावता येत नाही, हे विसरलेलं मी इतक्यांदा बघितलंय की आता स्वतः बाटली घेऊन उभा राहतो. आणि रक्तातले 'ट्यूमर मार्कर' करू नका, 9 एमएमला त्यातून काही कळत नाही, पैसे वाचवा.

आता चुलतभावाचे 68. एआयला मी हसत नाही. 2023 मध्ये अमेरिकेत सिबिल नावाचं एक मॉडेल आलं, ते एका अख्ख्या लो डोस सीटीवरून पुढच्या 6 वर्षांतला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सांगतं, काम खरंच चांगलं आहे. पण त्याला अख्खा सीटी लागतो, शेकडो काप, प्रत्येक ठिपक्याचा घनतेचा आकडा, हवा उणे 1000, पाणी शून्य, तसा. चुलतभावाने दिला तो उजेडात धरलेल्या फिल्मच्या एका चौकोनाचा फोटो, त्यात बहुतेक ट्यूबलाइटही आली असेल. चुना आहे की नाही हेसुद्धा त्यातून कळणार नाही. आणि संशोधनातली कितीतरी मॉडेल ज्या डेटावर शिकलीत, एलआयडीसी म्हणून 1018 सीटींचा साठा आहे, त्यात चार रेडिओलॉजिस्टनी प्रत्येक गाठीला 1 ते 5 मध्ये 'कॅन्सरसारखी वाटते का' असे मार्क दिलेत. बहुतेक गाठींचा तुकडा कोणी बघितलेला नाही! म्हणजे मशीन कॅन्सर ओळखायला शिकलं नाही, चार डॉक्टरांना काय वाटेल ते ओळखायला शिकलं. आणि सिबिल शिकलं ते अमेरिकेतल्या भरपूर सिगरेट ओढणाऱ्यांवर, तिथेही टीबी फारसा नाहीच. डिचोलीचा खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर यातल्या कोणीच बघितलेला नाही.

खाणीवरून आठवलं, आणि हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. खाणीवर असताना बाबांचे कधी मेडिकल झालं होतं का? छातीचा एक्सरे काढायचे का? जुनी फिल्म घरात असेल, कपाटावर, गादीखाली, लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत, अशाच ठिकाणी सापडतात. आजचा डाग एक्सरेवरच सापडलाय, म्हणजे एक्सरेवर दिसण्याइतका तो आहे. 5-7 वर्षांपूर्वीच्या फिल्मवर त्याच जागी तेवढाच डाग असेल तर 6 पण गेले, 17 पण गेले आणि पेट पण. आजवर माझ्या हातून जेवढ्या सुया टळल्या असतील त्यातल्या बऱ्याच जुन्या पिवळ्या पडलेल्या पाकिटांनी टाळल्यात. खाणीच्या सिलिकाच्या धुळीने कॅन्सरचा धोका वाढतो आणि नुसते साधे ठिपकेही होतात, म्हणून किती वर्षं काम केलं तेही डॉक्टरला सांगा, ट्रक बंद केबिनचा होता की उघडा तेही.

हर्निया या गाठीमुळे अडत नाही, दुखत असेल तर भूलवाल्या डॉक्टरना एम्फिसीमाचं सांगून आणि फुंकायची टेस्ट करून ते उरकून घ्या.

आणि तारीख. जूनचा सीटी म्हणजे सप्टेंबरात परत, मधे चवथ (गणेश चतुर्थी) येते. 'चवथ झाली की बघू, मग दसरा झाला की बघू' असं करत माझे पेशंट जानेवारीत उगवतात. कालनिर्णयवर आजच गोल करा, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान लिहिता त्याच पानावर, आणि सीडी बाबांच्या नाही, तुमच्या पर्समध्ये ठेवा.